बिनहिरव्या जंगलाचं तैलचित्र

चैत्र-वैशाखात सातपुड्याच्या पायथ्याशी गेलात तर जंगल हिरवं दिसत नाही. साग उघडा पडलेला असतो. सालईच्या खोडावरून पातळ पापुद्रे सुटत असतात. कांडोळाची झाडं भर दुपारी इतकी पांढरी दिसतात की त्यांना सावली कशी पडते, असा प्रश्न पडावा. पळसाचा बहर ओसरलेला, मोहाच्या झाडाखाली फुलं वेचायला जागा झाडून ठेवलेली, आणि मुरमाड उतारावर, जिथे दुसरं काही धड उगवत नाही, तिथे अंजनाला तांबूस पालवी. मातीचा रंग राखाडी, दगडाचा जांभळट काळा. जंगलाचं चित्र म्हणून आपल्या कॅलेंडरांवर जे छापून येतं त्यातलं इथे काहीच नसतं. खान्देशात वर्षातले कितीतरी महिने जंगल असंच असतं, आणि ते मला मनापासून सुंदर वाटतं.

मला याच जंगलाचं मोठं तैलचित्र करायचं होतं, पण झाडाला झाड आणि डोंगराला डोंगर काढून नव्हे. मी अमळनेरला राहते. तापी ओलांडून चोपड्याला आणि तिथून सातपुड्यातल्या वैजापूरच्या बाजूला वर्षानुवर्षं जाते, स्केचवह्या भरते. जलरंगात तिथली दृश्यं पुष्कळ केली. ती बरी व्हायची, पण त्यात जंगलात शिरल्यावरचं ते विचित्र वाटणं येत नव्हतं. आत गेल्यावर अंतराचा अंदाज सुटतो. खोडं जवळ आहेत की लांब, ते कळत नाही. वरच्या कड्यावरून मे महिन्यात खाली पाहिलं तर तापीचं अख्खं खोरं धुळीच्या पडद्यात गेलेलं असतं, क्षितिज नाहीसं झालेलं असतं, आणि समोरची डोंगररांग खाली काहीच आधार नसल्यासारखी हवेत उभी राहते. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. वास्तवाच्या पलीकडचं असं काही शोधायला मला झोपेत जायची गरज नव्हती.

अतिवास्तववाद म्हटलं की आपल्याकडे वितळणारी घड्याळं आणि उडणारी माणसं एवढंच डोळ्यांसमोर येतं. आंद्रे ब्रेतों या फ्रेंच कवीने १९२४ मध्ये पॅरिसमध्ये या चळवळीचा जाहीरनामा काढला तेव्हा त्याचा भर होता तो मनाच्या आपोआप चालणाऱ्या व्यापारावर. बुद्धीने लगाम खेचण्याआधी हात काय करतो, यावर. चित्रकलेत हे कसं आणायचं याचं उत्तर मला सगळ्यात नीट सापडलं ते माक्स अर्न्स्टच्या कामात. हा १८९१ मध्ये जर्मनीतल्या ब्रूल गावी जन्मलेला माणूस. लहानपणी गावाजवळच्या अरण्याची त्याला भीतीही वाटे आणि ओढही. १९२५ मध्ये त्याने लाकडी फळ्यांवर कागद ठेवून त्यावर ग्राफाइट घासलं आणि उमटलेल्या रेषांतून चित्रं वाचायला सुरुवात केली. हीच युक्ती पुढे त्याने तैलरंगात आणली: रंग लावलेला कॅनव्हास खडबडीत वस्तूंवर अंथरायचा आणि वरून रंग खरवडायचा. खालच्या वस्तूचे उंचवटे जिथे असतील तिथला रंग निघतो आणि आधीचा थर उघडा होतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या उत्तरार्धातली त्याची जंगलं अशी तयार झाली आहेत. ती चित्रं छापील रूपातच मी पाहिली आहेत. पाहताना एक गोष्ट पक्की झाली. त्यातलं जंगल त्याच्या लहानपणातलं आहे, उभ्या काळ्या भिंतीसारखं, थंड प्रदेशातलं. त्याची रीत घ्यायला हरकत नाही, जंगल मात्र आपलंच हवं. खरवडायला खाली वस्तू ठेवायची, तर ती इथल्या रानातली हवी.

म्हणून सामान जमवणं दिवाळीच्या आसपासच सुरू केलं. पावसाळा संपता संपता सागाच्या पानांना एक अळी लागते. ती पानातला गर खाते आणि शिरा सोडून देते. मागे राहते ती नुसती जाळी. अभयारण्यातून काही उचलायचं नसतं, पण शेताच्या बांधावर साग पुष्कळ आहेत. अशी पानं वर्तमानपत्रात दाबून ठेवली. शेतातून पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, आणल्या, केळीच्या खांबाचे वाळलेले सोपट आणले, जुन्या कुडाचा बांबूचा तुकडा, गोणपाट, बेसॉल्टच्या खडबडीत चिपा. केळीचा सोपट वाळला की आत चौकोनी पोकळ कप्प्यांची रांग दिसते, ती मला फार आवडते. पुढे चित्रात तिचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

कॅनव्हास जाड सुती घेतला, चार फूट बाय तीन फूट. लिनन अधिक टिकाऊ, पण महाग. लिननचं कापड आणि तैलरंगातलं जवसाचं तेल एकाच रोपापासून येतं, ही गोष्ट मला नेहमी नवलाची वाटते. तरी कापसाच्या मुलखात बसून सुती कॅनव्हासवर काम करायलाही मला बरंच वाटलं. तो चौकटीवर ताणला नाही. खरवडायचं तर कॅनव्हास सुटा हवा, खालची वस्तू बोटांना जाणवली पाहिजे. गेसोचे, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन-तीन हात देऊन, मधे घासून, तो प्लायच्या फळीवर पिनांनी टोचला.

पहिला थर म्हणजे या चित्रातला प्रकाश. तो सगळ्यात शेवटी उघडा पडणार, म्हणून तो सगळ्यात आधी ठरवावा लागतो. मी यलो ऑकर, थोडा बर्न्ट सिएना आणि टायटॅनियम व्हाइट असा टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला थर दिला. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास मुरूम दिसतो तो रंग. दोन ठिकाणी जवळजवळ शुद्ध पांढरा ठेवला, कांडोळासाठी. झिंक व्हाइट खाली वापरला नाही, तो वाळून ठिसूळ होतो आणि वरच्या थरांना तडे देतो. तैलचित्रात खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे अधिक तेलाचे, हा नियम आहे. अधिक तेलाचा थर जास्त लवचीक असतो. लवचीक थरावर कडक थर बसला तर वरचा फाटतो. ज्या चित्रात थरावर थर चढणार आणि पुन्हा खरवडले जाणार, तिथे हा नियम सोडून चालतच नाही.

हा थर पूर्ण वाळू दिला. मग त्याच्यावर गडद थर: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून होणारा करडा, कुठे निळ्याकडे झुकलेला, कुठे तपकिरीकडे. त्यात रॉ अंबर. अंबरमध्ये मँगॅनीज असतं, त्यामुळे ते तेलाला लवकर वाळवतं. हाडाच्या कोळशाचा काळा मात्र वाळायला फार वेळ घेतो, म्हणून तो टाळला. काळ्याची उणीव या दोन रंगांच्या मिश्रणात भासत नाही. सातपुड्याच्या सावलीत काळा नसतोच, जांभळा असतो.

आणि मग खरवडणं. फळीवर सागाच्या जाळीदार पानांची मांडणी केली, त्यावर ओल्या रंगाचा कॅनव्हास पसरला आणि पॅलेट नाइफ आडवा धरून, एका दमात, वरून खाली ओढला. हा क्षण शब्दांत सांगणं अवघड आहे. गडद रंगातून शिरांचं जाळं पिवळसर उजेडात वर येतं, आपण काही न काढता. नाइफ किती दाबायचा ते हात ओढतानाच ठरवतो. हलका दाब दिला तर नुसते ठिपके, जास्त दिला तर सगळाच थर निघतो. मग सोपटावर ठेवून ओढलं. लहान चौकोनांच्या रांगा उमटल्या, काही अखंड, काही मधेच विरलेल्या, आणि त्या एकाएकी खूप लांबच्या उभ्या खोडांसारख्या दिसू लागल्या. पऱ्हाट्यांनी काटेरी, तुटक रेषा दिल्या. गोणपाटाने धुळीचा पोत दिला. तो मी कॅनव्हासच्या खालच्या भागात वापरला, जिथे खोरं नाहीसं व्हायचं होतं. बांबूच्या कुडाचा उमटा मात्र पुसून टाकला. माणसाच्या हातची वीण चटकन ओळखू येत होती.

काही भागांत वेगळी रीत वापरली. ओल्या रंगावर गुळगुळीत प्लास्टिकचा कागद दाबायचा आणि हळूहळू उचलायचा. उचलताना कडेने हवा आत शिरते, घट्ट रंगाला बाजूला सारत जाते आणि तिच्या वाटेला फाटे फुटत जातात. उमटतात त्या फांद्या, मुळं, शेवाळ, प्रवाळ यांच्यासारख्या आकृती. ऑस्कर डोमिंगेझ या अतिवास्तववादी चित्रकाराने ही रीत १९३६ च्या सुमाराला गुआशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात, वापरली आणि अर्न्स्टने ती पुढे तैलरंगात नेली. मी ती कड्यांसाठी घेतली. सातपुड्यात पायरीच्या झाडांची, वडाची मुळं काळ्या कड्यांवरून खाली उतरतात, पाणी थिजून तिथेच राहिलेलं असावं तशी. चित्राच्या उजव्या बाजूला अशी मुळं उतरतात आणि त्यांचीच नदी होते. कुठे मूळ संपलं आणि कुठे पाणी सुरू झालं हे मला कुठेच रेषेने सांगायचं नव्हतं.

इथवरचं काम झपाट्याने होतं. हात चालतो, मन मागून येतं. पण या पद्धतीबद्दल लिहिणारे बहुतेक जण इथेच थांबतात, आणि मला ते पटत नाही. आपोआप उमटलेलं सगळंच चित्र नसतं. खरं काम त्यानंतर आहे, आणि त्याला महिने लागतात. कॅनव्हास भिंतीला लावून, फिरवून फिरवून पाहायचा. आडवा, उभा, उलटा. काय ठेवायचं, काय झाकायचं ते ठरवायचं. या टप्प्यावर डोळा फार खोड्या करतो. प्रत्येक डागात त्याला चेहरा दिसतो. डावीकडच्या खरवडीत एक बिबट्या इतका स्पष्ट बसलेला होता की घरी येणारा प्रत्येक जण आधी तोच दाखवायचा. सातपुड्यात बिबट्या आहेच, त्यामुळे तो राहू द्यावा असंही काहींनी सुचवलं. मी तो झाकला. एकदा जनावर सापडलं की बघणारा पुढचं जनावर शोधू लागतो आणि चित्राचं कोडं होऊन बसतं. जंगलात आपल्याला जनावर दिसत नसतं, ते आहे एवढंच जाणवत असतं. मला चित्रात ते जाणवणं हवं होतं. त्या जागी करड्याचे पातळ हात देत गेले. खालचा आकार अर्धवट बुजला. काहीतरी होतं आणि हललं, एवढंच आता उरलं आहे.

ओळखू येईल असं झाड सगळ्या चित्रात एकच ठेवलं, तो पांढरा कांडोळ. त्याचं खोड मी रंगवलं नाही, खरवडून उघडं केलं. बाकीच्या सगळ्याला अंतर त्याच्यामुळे मिळतं.

चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांची या काळात मला वारंवार आठवण येत असे. त्यांनी आयुष्याचा फार मोठा भाग घराबाहेर न पडता काढला आणि टेबलावर वस्तूंची मांडणी करून त्यांचे फोटो काढले, निसर्गदृश्यंसुद्धा. १९८९ मध्ये ते गेले. त्यांचं घर आज संग्रहालय म्हणून उभं आहे. निसर्गदृश्य खोलीत बसून रचता येतं, फक्त रचणाऱ्याने आधी पोटभर पाहिलेलं असलं पाहिजे, हा धडा मी त्यांच्या कामातून घेतला आहे.

उन्हाळ्याबद्दल लिहायलाच हवं, कारण तैलरंगावरची पुस्तकं थंड हवेत लिहिलेली आहेत. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, कधी त्याच्याही वर. टर्पेंटाइन वाटीतून बघता बघता उडतं. पॅलेटवरच्या रंगावर साय धरते. कूलर लावला तर ओल्या चित्रावर धूळ आणि वाळ्याचे तंतू येऊन बसतात, बंद ठेवला तर खोलीत टर्पेंटाइनच्या वासाने डोकं चढतं. मी पहाटे पाचला उठून, खिडक्या उघड्या ठेवून, साडेआठपर्यंत काम करायचे. नंतर चित्रावर थेट न टेकणारी चादर टाकून खोली बंद. आणि एक गोष्ट प्रत्येकाने मनावर घ्यावी: जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं आणि त्यात उष्णता तयार होते. बोळ्यात ती कोंडते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. आमच्या उन्हाळ्यात तर हा धोका आणखीच मोठा. माझ्याकडे झाकणाचा पत्र्याचा डबा आहे, त्यात पाणी असतं, चिंध्या त्यात जातात.

चित्र बरंच पुढे गेल्यावर वैजापूरकडच्या फेरीत मी त्याचा फोटो तिथल्या पावरा आदिवासी समाजातल्या एका दादांना दाखवला. माझ्या फिरण्यातली निम्मी झाडं त्यांनीच ओळखीची करून दिली आहेत. त्यांनी फोन लांब धरून पाहिला, खालच्या गडद पट्ट्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "वणवा लागून गेल्यावरचं काढलं का, ताई?"

मी वणवा काढलेला नव्हता. तो पट्टा मी धुळीचा म्हणून केला होता. पण त्यांचं म्हणणं डोक्यातून जाईना. त्याच फेरीत त्यांच्याबरोबर एका जळलेल्या उतारावर गेले. सागाचा पाचोळा जळून गेला होता, खोडं गुडघ्याएवढी काळी झाली होती, वर तशीच राखाडी. जमिनीवर काळं आणि पांढरं एकमेकांत मिसळलेलं, आणि त्यातून कुठे कुठे कोवळे कोंब. राख पांढरी कमी, निळसर जास्त असते हे तिथे बसून रंगाचे ठिपके वहीत मारताना कळलं. परत येऊन मी चित्राचा खालचा तिसरा हिस्सा जवळजवळ नव्याने केला. धूळ वर सरकली, तिथे क्षितिज असायला हवं होतं ते तिने खाल्लं. खाली राख आली. अल्ट्रामरीन आणि पांढऱ्याचा, अगदी किंचित अंबर घातलेला थर सुक्या ब्रशने, कॅनव्हासच्या विणीला वरवर स्पर्श करत दिला. चित्राला जमीन मिळाली ती तेव्हा.

आणि ते कोंब. सगळ्या चित्रात हिरवा एवढाच आहे. त्यासाठी बाजारातला झगझगीत हिरवा चालला नसता. मी टेर व्हर्ट वापरला, म्हणजे हिरवी माती. फिकट, काहीसा राखाडी, झाकायला अगदी कमजोर रंग. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत जो मातकट हिरवा दिसतो तो याच जातीचा. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत ही हिरवी माती सापडते. म्हणजे हा रंग आमच्या पायाखालच्याच दगडातला. गेरू, पिवळी माती, हिरवी माती आणि काजळी एवढ्यावर तिथल्या चित्रकारांनी केवढं उभं केलं. फक्त त्यांचा निळा दूरच्या देशातून यायचा. जळगावहून अजिंठा जवळ असल्याने मी तिथे कितीदा तरी गेले आहे, पण झाडापानांच्या हिरव्याकडे इतकं निरखून पाहिलं ते हे चित्र सुरू झाल्यावर. टेर व्हर्ट जवसाच्या तेलात मिसळून पातळ, पारदर्शक हात दिला, वाळू दिला, पुन्हा दिला. लांबून तो दिसत नाही. दोन हातांवर आलात की दिसतो.

शेवटी पांढऱ्याचे मोजके स्पर्श. पांढऱ्या रंगात पुष्कळदा जवसाऐवजी करडईचं तेल वापरतात, कारण ते कमी पिवळं पडतं. तसाच घेतला होता. कांडोळाच्या कडेला, मुळांची नदी जिथे वळते तिथे, आणि वरच्या डोंगररांगेच्या तळाशी, जिथे ती हवेत सुटते. त्यानंतर कॅनव्हास चौकटीवर ताणला. कडांचा थोडा भाग चौकटीवर दुमडला जाणार हे धरूनच मांडणी केली होती.

आई अहिराणी बोलते आणि चित्राबद्दल मोकळेपणाने बोलते. चौकटीवर चढलेलं चित्र बघून तिने विचारलं, "हाई उन्हायानं रान शे ना?" म्हणजे हे उन्हाळ्यातलं रान आहे ना. मी हो म्हटलं. मग तिने बराच वेळ कांडोळाकडे बघून त्याच्या गोंदाबद्दल सांगितलं, तिच्या लहानपणी तो घरी कसा यायचा ते. चित्र अमूर्त आहे की अतिवास्तव, या वर्गवारीत तिला रस नाही. मलाही काम करताना ती कधी आठवली नाही. या चित्रातला प्रत्येक पोत इथल्या कुठल्यातरी पानाचा, दगडाचा, खोडाचा आहे. एकही झाड जागेवर नाही आणि एकही गोष्ट कल्पनेने आणलेली नाही.

वॉर्निश अजून लावलेलं नाही. तेलाचे थर वरून कोरडे लागले तरी आतून वाळत असतात. सहा महिने ते वर्षभर थांबलेलं बरं. टर्पेंटाइनमध्ये किंचित बुडवलेला कापूस एखाद्या कोपऱ्यावर फिरवायचा आणि त्याला रंग लागला नाही तर वॉर्निश द्यायचं. तोवर चित्र मागच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीसमोर आहे, उघडंच, कारण अंधारात ठेवलं की जवसाचं तेल पिवळं पडतं. नंतर ते बैठकीत लावायचं असं आईने ठरवून टाकलं आहे. ज्या भिंतीवर ते शोभेल तिच्याजवळ सध्या कूलर आहे. तो दुसऱ्या खिडकीला बसवायला माणूस सांगितला आहे.